लक्ष्मीची गादी

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या पणजोबांनाही जी गोष्ट जुनी वाटली असती अशा काळी, एका डोंगराच्या कुशीत एक सुखवस्तू नगर होतं. नगराला दोन वेशी होत्या, एक उगवतीला आणि एक मावळतीला. दोन्ही वेशींना जोडणारा मोठा रस्ता मात्र एकच. बाजार त्याच रस्त्यावर, देऊळ त्याच रस्त्यावर आणि चावडीही त्याच रस्त्यावर.

या नगरातल्या लोकांचा आपल्या बैलगाड्यांवर भारी जीव. घर एक वेळ गळकं चालेल, पण गाडी कशी झोकात हवी! चाकांना रंग, बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या, गळ्यात घुंगुरमाळा. पायी जाणाऱ्याला कुणी तोंडावर काही बोलत नसे, पण गाडीतून वाकून हळूच विचारत, "काय हो, बैल आजारी आहेत वाटतं?" त्या एका प्रश्नाच्या धास्तीने माणसं दोन घरं पलीकडे जायलाही गाडी जुंपत.

आणि प्रत्येक गाडीत, हाकणाऱ्याच्या शेजारी, एक लाल गादी असे. ती लक्ष्मीची गादी. दर शुक्रवारी तिला हळदकुंकू वाहायचं आणि एरवी ती रिकामी ठेवायची. परक्या माणसाला तिच्यावर बसू दिलं, तर उतरताना तो आपल्या घरची लक्ष्मी सोबत घेऊन जातो, असं सगळे मानत. म्हणून तिच्यावर कुणालाच बसू देत नसत. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही आणि सख्ख्या मेव्हण्याला तर मुळीच नाही.

आता तुम्हीच बघा. दोघांची दारं समोरासमोर, दोघांना जायचंय एकाच बाजारात, एकाच वेळी. तरी गाड्या दोन, बैल चार आणि माणसं दोनच!

व्हायचं तेच झालं. रोज सकाळी बाजाराच्या वेळी मोठा रस्ता तुंबायचा. चाकाला चाक घासायचं, शिंगात शिंग अडकायचं आणि सगळे मिळून एकमेकांना ओरडून सांगायचे, "अहो, जरा सरका की पुढे!" पुढचाही तेच ओरडत असायचा. बैल बिचारे ताटकळत उभे राहून कडबा रवंथ करायचे. त्यांना बोलता येत असतं, तर त्यांनी दोन शब्द नक्कीच सुनावले असते.

हे सगळं निस्तरायचं काम होतं कोतवालाचं. कोतवाल अंगाने आडदांड, मिशा भरदार, आवाज असा की कुत्री दचकावीत. पण मन लोण्याचं. त्याची एकुलती एक लेक सगुणा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती आणि ती आल्यापासून कोतवालाचा डोळ्याला डोळा लागत नव्हता.

कारण असं, की कोतवालाचं घर उगवतीच्या वेशीजवळ आणि नगरातली एकुलती एक सुईण, ठकूमावशी, राहायची मावळतीच्या वेशीजवळ. मध्ये तो रस्ता. ऐन बाजाराच्या वेळी लेकीला कळा सुरू झाल्या तर मावशी पोचणार कशी? जेवतानाही कोतवालाच्या डोळ्यांपुढे तो रस्ताच दिसायचा.

तो ठकूमावशीकडे गेला. मावशी ओट्यावर बसून सुंठ कुटत होती. दात गेलेले, पाठ वाकलेली, पण जीभ चांगली धारदार.

"मावशी, काही दिवस आमच्याकडे राहायला या ना," कोतवाल म्हणाला. "लेकीसाठी म्हणतोय."

"आणि त्या कासाराच्या सुनेचं काय? तेल्याच्या लेकीचं काय?" मावशीने विचारलं. "एका दारात ठिय्या देऊन बसले तर बाकीच्या पोरींनी जायचं कुठं? तू कोतवाल ना रे? मग मला उचलून नेण्यापेक्षा रस्ता मोकळा कर की."

कोतवाल खाली मान घालून परतला. मावशीचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यातच राजाची पालखी एकदा त्या गर्दीत अडकली आणि राजाचं जेवण निवून गोळा झालं. तेव्हा राजानेही तोच हुकूम सोडला. "कोतवाल, काय वाट्टेल ते करा, पण रस्ता मोकळा करा."

कोतवाल कामाला लागला. त्याला वाटलं, रस्ता अरुंद आहे म्हणून गाड्या अडतात. तो रुंद केला की झालं. त्याने दोन्ही बाजूंचे ओटे पाडले. ज्या कडुलिंबांखाली म्हातारे गप्पा मारत बसायचे, ते कडुलिंब तोडले. म्हातारे हळहळले, पण रस्ता ऐसपैस झाला. थोडे दिवस गाड्या अशा सुसाट धावल्या की कोतवाल मिशीला पीळ देत घरी आला.

पण रस्ता मोकळा झाल्याची बातमी घरोघरी पोचली. गर्दीच्या भीतीने ज्यांनी गाड्या घरी ठेवल्या होत्या, त्यांनीही त्या बाहेर काढल्या. ज्यांच्याकडे एक होती, त्यांनी दुसरी केली. बघता बघता रुंद रस्ताही पहिल्यासारखाच तुंबला. आता फक्त अडकून पडल्यावर डोक्यावर सावली नव्हती.

मग कोतवालाने दुसरी शक्कल काढली. दवंडी पिटवली, की एक दिवस पांढऱ्या बैलांच्या गाड्या रस्त्यावर येतील आणि दुसऱ्या दिवशी काळ्या-तांबड्या बैलांच्या. निम्म्या गाड्या घरी राहतील, हिशेब सोपा होता.

हिशेब सोपा होता, पण माणसं सोपी नव्हती. पैसेवाल्यांनी दुसऱ्या रंगाची जोडी आणून गोठ्यात बांधली. बाकीच्यांनी काळ्या बैलांना चुना फासला आणि पांढऱ्यांना चुलीतली काजळी. एका महाभागाने बांडा बैल आणला आणि चौकीवर वाद घातला, की हा पांढराही आहे आणि काळाही आहे, तेव्हा हा रोज जाणार. दुसऱ्या दिवसापासून बाजारात बांडे बैल मिळेनासे झाले. चुन्याने अंग खाजलेले बैल वेशीला पाठ घाशीत उभे राहू लागले आणि गर्दीत आणखी भर पडली.

त्याहून वाईट म्हणजे गोठ्यांत बैल दुप्पट झाले. आणि बैल काही वाऱ्यावर जगत नाहीत. नगरामागचं हिरवं कुरण त्यांनी बघता बघता मुळापासून खाल्लं. कडब्याच्या गंजी संपत आल्या. जो चारा गाईंच्या वाट्याला यायचा, तो सकाळभर एका जागी उभ्या राहणाऱ्या बैलांच्या पोटात जाऊ लागला. गाई आटल्या. लहान मुलांच्या वाटीत दुधाऐवजी पेज आली.

"तुमचा रस्ता राहू द्या बाजूला," कोतवालीणबाई एक दिवस वैतागून म्हणाल्या. "लेक बाळंत होईल, तिला खिरीपुरतं दूध तरी आणाल का?"

 कोतवालाला रडावंसं वाटत होतं. पण मिशा असलेल्या माणसाने रडायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि एके सकाळी, ऐन बाजाराच्या वेळी, सगुणाला कळा सुरू झाल्या.

"अहो, मावशीला आणा!" बायको ओरडली.

कोतवाल धावत अंगणात आला. आता इथे कुणाही शहाण्या माणसाने काय केलं असतं? तसंच धावत सुटला असता. पण कोतवालाने सवयीने बैल सोडले, गाडी जुंपली, लक्ष्मीची गादी झटकून नीट केली आणि मग निघाला. पायी जाणारा कोतवाल त्या नगराने कधी पाहिला नव्हता आणि त्यालाही तसं काही सुचलं नाही. बाजारपेठेच्या मध्यावर पोचला आणि पुढे गाड्या, मागे गाड्या, दोन्ही अंगांना गाड्या. तो पुरता अडकला.

"बाजूला व्हा! माझी लेक अडली आहे!" तो ओरडला. लोकांना वाईट वाटलं. पण बाजूला व्हायला बाजूच उरली नव्हती. मुंगी शिरायला वाव नव्हता. खाली उतरावं तर चाकं आणि खुरांमध्ये पाऊल ठेवायलाही जागा नाही.

तेवढ्यात त्याला समोरच्या अंगाला, बरीच लांब, ठकूमावशीची गाडी दिसली. ती कासाराच्या सुनेकडे निघाली होती आणि तीही अडकली होती. तिने मात्र लक्ष्मीच्या गादीवर आपलं बाळंतपणाच्या सामानाचं गाठोडं ठेवलेलं होतं.

"मावशी!" कोतवाल बेंबीच्या देठापासून ओरडला. "सगुणा अडली आहे हो!"

मावशीने ऐकलं. तिने मान वर करून त्या सगळ्या गाड्यांकडे पाहिलं. मग लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि आपल्या गाडीतून सरळ शेजारच्या गाडीत पाय टाकला. पाय पडला तो नेमका लाल गादीवर.

ती गाडी एका सराफाची होती. तो किंचाळला, "मावशी, गादी! लक्ष्मीची गादी!"

"मग मी काय अवदसा आहे का रे?" मावशी म्हणाली. "जन्मलास तेव्हा तुला पहिल्यांदा याच हातांनी धरलं होतं. तेव्हा नाही ओरडलास, 'हात लावू नका' म्हणून. दे हात इकडे!"

सराफाने निमूटपणे हात दिला. मावशी पुढच्या गाडीत गेली. ती गाडी शिंप्याची. मग हलवायाची, मग वैद्यबुवांची. प्रत्येक जण आधी गादीकडे बघायचा, मग मावशीकडे बघायचा आणि मग हात पुढे करायचा. नगरात असा माणूस शोधून सापडला नसता, ज्याला किंवा ज्याच्या लेकराला मावशीने जगात आणलं नव्हतं. म्हातारी एका गादीवरून दुसऱ्या गादीवर पाय टाकत चालली होती आणि माणसं तिला हातोहात पुढे देत होती.

शेवटी ती कोतवालाच्या गाडीशी आली. तिने पाय उचलला आणि त्याच क्षणी कोतवालाचा हात नकळत गादीवर आडवा आला. एक क्षणभरच. पण मावशीला तो दिसला आणि कोतवालालाही दिसला.

"अरे लेका," मावशी हळू आवाजात म्हणाली, "घरात लेक जिवाची झुंज देतेय आणि तू इथं कुणासाठी जागा राखतो आहेस?"

कोतवालाने हात मागे घेतला. त्याला इतकी लाज वाटली की मान वर होईना. पण लाजत बसायला वेळ नव्हता. त्याने मावशीचा हात धरला, आपली गाडी, बैल आणि कोतवालाचा रुबाब तिथेच सोडला आणि घराची वाट तशीच गाद्यांवरून धरली. एका गादीवर मावशी, तिच्या मागच्या गादीवर कोतवाल. वाटेत मावशीने दारात उभ्या असलेल्या वैद्यबुवांच्या आईला ओरडून सांगितलं, की तू तोवर कासाराच्या सुनेजवळ जाऊन बस, तिला अजून अवकाश आहे. अशी ती दोघं थेट कोतवालाच्या गल्लीच्या तोंडाशी उतरली.

मावशी आत गेली आणि दार बंद झालं. कोतवाल ओसरीवर बसून राहिला. आतून सगुणाचा आवाज आला की तो उभा राहायचा आणि आवाज थांबला की पुन्हा खाली बसायचा. मग एकदाचं एक बारीकसं रडणं ऐकू आलं. ते ऐकून कोतवालही रडला, मिशांसकट.

मावशी बाहेर आली. "मुलगी आहे. गळ्याला नाळेचा वेढा होता. मी आणखी थोडी उशिरा आले असते तर..." कोतवालाने तिचे पाय धरले.

दुपारी रस्ता सुटला आणि कोतवालाच्या दारात गर्दी जमली. सराफ होता, शिंपी होता, हलवाई होता. सगळ्यांचे चेहरे उतरलेले. सराफ घसा खाकरून म्हणाला, "बाळंतीण सुखरूप आहे ना? देवाची कृपा. पण कोतवालसाहेब, आमच्या गाद्यांवर पाय पडले. आता आमच्या लक्ष्मीचं काय? ती गेली म्हणायची का?"

 ठकूमावशी मात्र पोट धरून हसली. ती आत गेली, दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन आली आणि ते तिने सराफाच्या हातात दिलं.

"जातेय कुठं? ही बघा की. तुमच्या सगळ्यांच्या गाद्यांवरून चालत आली म्हणून वेळेवर पोचली."

बाळाने सराफाचं बोट घट्ट पकडलं.  मग ते बाळ शिंप्याकडे गेलं, हलवायाकडे गेलं आणि प्रत्येकाला वाटलं की यात आपलाही थोडा हात आहे. खरंच होता. हलवाई घरी गेला आणि आपल्या एकुलत्या एक दुभत्या गाईचं तांब्याभर दूध बाळंतिणीसाठी घेऊन आला.

कोतवाल मात्र विचारात पडला होता. आपण भर बाजारापासून गल्लीच्या तोंडापर्यंत आलो आणि पाय एकदाही जमिनीला लागला नाही. सगळी वाट गाद्यांची आणि एकही गादी भरलेली नाही. म्हणजे रस्ता गाड्यांनी भरलेला आणि गाड्या मात्र रिकाम्या! हे इतक्या दिवसांत आपल्याला दिसलं कसं नाही?

या वेळी त्याने दवंडी पिटवली नाही. हुकूम काय कामाचा, ते त्याने चुना फासलेल्या बैलांवर पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी घेऊन निघाला. कोपऱ्यावर एक कुंभारीण डोक्यावर मडक्यांची उतरंड घेऊन चालली होती. कोतवालाने गाडी थांबवली.

"बाई, बाजारात निघालात ना? बसा."

कुंभारणीने इकडे तिकडे पाहिलं. "मी? कुठं बसू?"

"इथे. गादीवर."

"नको हो मालक! तुमच्या घरचं काही बरंवाईट झालं तर लोक मला नावं ठेवतील."

"जे बरं व्हायचं ते कालच झालं," कोतवाल म्हणाला. "बसा, नाहीतर माझी नात रागवेल."

ती बिचारी अंग चोरून बसली. कोतवालाच्या गाडीत कुंभारीण, हे बघायला लोक गाड्या थांबवून उभे राहिले, त्यामुळे त्या दिवशी रस्ता नेहमीपेक्षा जास्तच तुंबला. कोतवालाने मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने विणकराला घेतलं, तिसऱ्या दिवशी पलीकडच्याच घरातल्या शेजाऱ्याला. सगळं नगर आता कोतवालाचं काय वाईट होतंय याकडे डोळे लावून बसलं.

वाईट काहीच झालं नाही. नात बाळसं धरू लागली. उलट शेजाऱ्याशी जाता-येता बोलताना कोतवालाला कळलं, की त्याच्या परसातली विहीर वर्षानुवर्षं आपल्या भिंतीला लागून आहे आणि आपण मात्र पाणी लांबून आणतो. असल्या गोष्टी एकट्याने गाडी हाकताना कशा कळणार?

मग नातीचं बारसं आलं. कोतवालाने सगळ्या नगराला आमंत्रण दिलं आणि एकच अट घातली. "गाडी आणा, नाहीतर पायी या. पण गाडी आणलीत, तर गादी रिकामी आणू नका. रिकामी गादी दिसली, तर लाडू मिळणार नाही."

हुकूम मोडायला माणसं एका पायावर तयार असतात, पण लाडू सोडायला सहसा कुणी तयार नसतं. सराफाने शिंप्याला घेतलं. शिंप्याने ज्याच्याशी अबोला धरला होता, त्या सख्ख्या मेव्हण्याला घेतलं. वैद्यबुवांनी तर मागच्या बाजूला आणखी तिघांना बसवून आणलं. आणि काय नवल! सगळं नगर बारशाला लोटलं, पण रस्ता तुंबला नाही. निम्म्याहून अधिक गाड्या घरी राहिल्या होत्या. राजाही आला आणि जेवण त्याला गरमागरम मिळालं.

त्या दिवसानंतर हळूहळू रीतच पडली. गल्लीतली माणसं सकाळी ओट्यावर जमून विचारायची, "आज कुणाची गाडी?" एक गाडी जायची, बाकीचे बैल शेतावर जायचे नाहीतर कुरणाच्या कडेला निवांत लोळायचे. जवळच्या जवळ जायचं तर माणसं चालू लागली. पाय दुखले थोडे दिवस, मग सवय झाली. पुढच्या सालापर्यंत कुरण पुन्हा हिरवं झालं आणि मुलांच्या वाटीत दूध आलं. रस्ता आता गरजेपेक्षा रुंद वाटू लागला, म्हणून कोतवालाने दोन्ही कडांना पुन्हा ओटे बांधले आणि स्वतःच्या हातांनी कडुलिंबाची रोपं लावली. म्हाताऱ्यांनी त्याला माफ केलं, पण सावली येईपर्यंत टोमणे मारणं काही सोडलं नाही.

वर्षं गेली. कोतवालाच्या मिशा पांढऱ्या झाल्या. एके सकाळी तो नातीला घेऊन बाजाराला निघाला. ती गाडीत मागे बसली होती. शेजारची लाल गादी बघून तिने विचारलं, "आजोबा, ही गादी लक्ष्मीची आहे ना? मग लक्ष्मी कुठे आहे?"

कोतवाल काही बोलणार, इतक्यात रस्त्याच्या कडेला एका वाकलेल्या म्हातारीने हात वर केला. डोक्यावर गाठोडं, तोंडात एकही दात नाही.

कोतवालाने कासरा खेचला. "ती बघ," तो म्हणाला. "हात करतेय."

नातीने पुढे वाकून गादी झटकली आणि ठकूमावशीला हात दिला.

ऐकणाऱ्या लहानथोरांनो, या गोष्टीचं सांगणं एवढंच: रस्ता नुसता रुंद केल्याने मोकळा होत नाही, आपल्या शेजारची जागा दुसऱ्याला दिली, की तो आपोआप मोकळा होतो.